नऊच्या नऊ वार

इंग्रजी भाषेला चेन्नईने बरंच काही उसनं दिलेलं आहे आणि चेन्नईकर ती उसनवारी विसरायला तयार नाहीत. कट्टुमरम म्हणजे एकत्र बांधलेले ओंडके. इथल्या कोळ्यांची ती साधी होडी इंग्रजीत जाऊन ‘कॅटामरान’ झाली आणि आता कोट्यधीश लोक त्या नावाच्या नौकांतून सुट्ट्या घालवतात. मिळगु तण्णीर, म्हणजे सरळसरळ मिऱ्याचं पाणी, साहेबाच्या टेबलावर ‘मलिगाटॉनी’ नावाचं सूप होऊन बसलं. सुरुट्टु म्हणजे गुंडाळी, तिचा झाला चिरूट. आमच्या पश्चिम मांबलममध्ये हे सगळं शाळेतलं पोरही सांगेल, आणि ते खोटं नाही. ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश १८८६ साली छापून निघाला, त्यात असे शब्द भरभरून आहेत. त्याच्या दोन कर्त्यांपैकी आर्थर बर्नेल हे मद्रास इलाख्याच्या नोकरीत होते, तंजावरला न्यायाधीश होते. तंजावरच्या राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूचीही त्यांनीच केली. त्यामुळे त्या कोशात तंजावरच्या आपल्या मराठी सरफोजीराजांचंही चिमूटभर मीठ आहे, असं म्हणायला मराठी माणूस मोकळा.

पंचाईत पुढेच आहे. तीन शब्द आपले निघाले की चौथाही आपलाच वाटायला लागतो. मग तो आपल्याकडून गेलेला असो की नसो, त्याला वाजतगाजत घरी आणायची घाई होते.

आता हेच बघा. ‘द होल नाइन यार्ड्स’ असा एक अमेरिकन वाक्प्रचार आहे. आमच्याकडे ओएमआर या रस्त्यावरच्या आयटी कचेऱ्यांत संध्याकाळी साडेसात वाजता पलीकडचा साहेब कॉलवर येतो आणि त्याला प्रकल्पाचं ‘होल नाइन यार्ड्स’ हवं असतं. म्हणजे सगळं. अथपासून इतिपर्यंत, तळटिपांसकट, काहीही शिल्लक न ठेवता. आपण लग्नाच्या बाबतीत जसं म्हणतो की सीमांतपूजनापासून सूनमुखापर्यंत सगळं साग्रसंगीत झालं, तसं. अर्थाबद्दल कोणाचंच भांडण नाही. भांडण आहे ते नऊ कसले, याचं. आणि हे भांडण मी नवरात्रात, आमच्याच इमारतीतल्या एका गोलूसमोर, हातात सुंडलचा, म्हणजे हरभऱ्यांच्या उसळीचा, द्रोण घेऊन ऐकलेलं आहे.

गोलू म्हणजे बाहुल्यांची आरास. पायऱ्यापायऱ्यांवर देवदेवता, वाणी आणि वाणीण, क्रिकेटचा संघ, कधी लग्नाची वरात, कधी चांद्रयान. पायऱ्या विषम संख्येच्या, आणि ऐपत व जागा दोन्ही असतील तर नऊ. वरच्या मजल्यावरच्या मामींकडे दोन्ही आहेत. त्या दिवशी मामी मडिसार नेसल्या होत्या. मडिसार म्हणजे तमिळ ब्राह्मणांची नऊवारी. मडि म्हणजे सोवळं. तमिळमध्ये या साडीला ‘ओंबदु गजम’ म्हणजे नऊ गज म्हणतात आणि त्यांचा गज तोच आपला वार. अय्यर बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात, अय्यंगार बायका डाव्या. त्यामुळे लग्नाच्या मांडवात लांबूनसुद्धा कोण कुठल्या घरची ते कळतं आणि ओळखपाळख विचारण्यात वेळ जात नाही. मामींनी कोणाच्या तरी पोराच्या तोंडून तो वाक्प्रचार ऐकला आणि जाहीर करून टाकलं की हे आमचं आहे. साहेबाने मैलापूरला एखाद्या बाईला मडिसार नेसताना पाहिलं असणार, कापड संपता संपेना तेव्हा तोंडातून निघालं असणार, “द होल नाइन यार्ड्स!”

सोवळ्यातल्या मैलापूरच्या बाईला साडी नेसताना साहेबाने कुठून आणि कसं पाहिलं, हा प्रश्न तिथे कोणीच काढला नाही. नवरात्राचे दिवस होते.

तिसऱ्या मजल्यावरचे सार, म्हणजे आपले ‘सर’, लष्कराच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं की हे सगळं अज्ञान आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या मशीनगनला गोळ्यांचा जो पट्टा असे तो सत्तावीस फूट लांब, म्हणजे बरोबर नऊ यार्ड. वैमानिक शत्रूवर पूर्ण पट्टा रिकामा करून आला की म्हणायचा, नऊच्या नऊ यार्ड दिले त्याला. सारांनी हे अशा आवाजात सांगितलं की गोलूतल्या शिपायांनीसुद्धा पाय जुळवले असावेत. त्यावर बांधकामातल्या एका इंजिनिअरचा आक्षेप आला. यार्ड लांबीचा नाही, घनयार्ड आहे. काँक्रीट मिसळणाऱ्या ट्रकमध्ये नऊ घनयार्ड माल मावतो, सगळा ओतला की ‘होल नाइन यार्ड्स’. ग्लासगोहून सुट्टीवर आलेल्या जावईबापूंनी स्कॉटलंडच्या घोळदार किल्टला नऊ यार्ड लोकर लागते असं सांगून त्या देशाशी असलेलं आपलं नातं अधोरेखित केलं. एका कॉलेजातल्या मुलाने अमेरिकन फुटबॉल काढला. त्यात पुढचा डाव मिळवायला दहा यार्ड जावं लागतं. नऊ यार्ड गेलेला माणूस ‘सगळं केलं’ कसं म्हणेल, असं विचारल्यावर तो सुंडलकडे वळला. कोणीतरी जहाजाच्या तीन डोलकाठ्या, प्रत्येकीला तीन आडव्या काठ्या, त्यांनाही यार्डच म्हणतात, तीन त्रिक नऊ, असा हिशेब मांडला. चेन्नईत बंदर असल्यामुळे तो थोडा वेळ तरला.

मला यात एक गोष्ट लक्षात आली. प्रत्येकाची व्युत्पत्ती त्याच्या पेन्शनीच्या किंवा पगाराच्या खात्यातून निघत होती. हिशेबखात्यातल्या माणसाला गोळ्या दिसल्या, बांधकामातल्याला काँक्रीट, जावयाला सासुरवाडीत भाव. शिंप्याला विचारलं असतं तर सूट निघाला असता, आणि तोही सिद्धांत अमेरिकेत आहेच. कबर खोदणाऱ्याला विचारलं असतं तर कफन, आणि तोही आहे.

माझी आत्या तेव्हा कराडहून आलेली होती. तिला इंग्रजी बेताचं येतं आणि तमिळ अजिबात नाही, पण नऊ यार्ड म्हणजे नऊ वार एवढं तिला कळलं. ती इतका वेळ शांतपणे हरभरे खात होती. तोंड पुसून म्हणाली, “अगं, नऊ वार म्हटलं की लुगडंच. दुसरं काय असतं जगात नऊ वार?”

याला उत्तर नव्हतं. मी तमिळमध्ये सांगितल्यावर मामींनाही ते एकदम पटलं, फक्त लुगडं कोणाचं एवढ्यापुरता मतभेद उरला. दोघी एकमेकींचे काठ हातात घेऊन बघू लागल्या आणि मूळ प्रश्न बाजूला पडला. कासोटा दोघींकडे आहे. फरक आहे तो पुढच्या निऱ्यांत आणि पदरात. दोन्ही नेसून पाहिलेला आणि त्यावर पैसे मिळवलेला एक माणूस मात्र चेन्नईतच राहतो. कमल हासन १९९६ साली ‘अव्वै षण्मुगी’त मडिसार नेसून मामी झाले आणि पुढच्याच वर्षी ‘चाची ४२०’मध्ये नऊवारी नेसून लक्ष्मी गोडबोले. त्यांना विचारायला हवं होतं की कुठली जास्त आवरायला सोपी. ते सोडून लोक त्यांना राजकारणाबद्दल विचारत बसतात.

गोलूचं राहू द्या. या वाक्प्रचाराच्या मागे अमेरिकेत माणसं खरोखर हात धुऊन लागलेली आहेत. इंग्रजी शब्दांच्या शिकाऱ्यांत हा मोठा वाघ समजला जातो. अनेक वर्षं त्याचा माग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या पलीकडे जात नव्हता, म्हणून सारांच्या मशीनगनला वाव होता. केंटकी राज्यात शिकारी आणि मासेमारांचं एक मासिक निघे, त्यात १९५६ साली मासेमारीच्या स्पर्धेतल्या बक्षिसांची यादी देऊन हे सगळे नऊ यार्ड असं म्हटलेलं सापडलं. आता मासेमारीच्या बक्षिसांत गोळ्यांचा पट्टा कुठून आला? बरं, महायुद्ध संपून दहा-अकरा वर्षं झालेली, आणि युद्धकाळातल्या ढीगभर कागदांत या पट्ट्याच्या म्हणीचा कुठे पत्ताच नाही.

मग बॉनी टेलर-ब्लेक आणि फ्रेड शपिरो या दोघांनी जुन्या वर्तमानपत्रांचे डिजिटल ढिगारे उपसले. बॉनीबाई तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात मज्जासंस्थेवर संशोधन करत आणि फावल्या वेळात हे. शपिरो तेव्हा येल विद्यापीठाच्या कायदा विभागात ग्रंथपाल होते. २०१२ च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी दिली की मूळ सापडलं, आणि ते नऊ नाहीच. केंटकीतल्या माउंट व्हर्नन नावाच्या गावच्या साप्ताहिकात १९१२ साली ‘होल सिक्स यार्ड्स’ असं छापलेलं होतं. १९२१ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या एका वर्तमानपत्राच्या मथळ्यातही सहाच. म्हणजे आधी सहा यार्ड होते, पुढे महागाईने नऊ झाले. शपिरोंनी त्याला आधारही दिला. इंग्रजीत फार आनंद झाला की माणूस ‘क्लाउड नाइन’वर असतो, पण तोही ढग पूर्वी सात नंबरचा होता. आकडे वाढत जातात, असं त्यांचं म्हणणं.

ही बातमी वाचून मला आनंद झाला तो वेगळ्याच कारणाने. सहा वार! म्हणजे अमेरिकेची म्हण आधी सहावारी नेसत होती, मग नऊवारी नेसायला लागली! आपल्याकडे बरोबर उलटं झालं. आजी नऊवारी, आई सहावारी. हा उलटा प्रवास एखाद्या लेखाला पुरेल असं मी मनाशी धरलं, तोवर त्या ढिगाऱ्यातून आणखी एक कागद निघाला आणि शपिरोंच्या महागाईचीच पंचाईत झाली. इंडियाना राज्यातलं मिचेल हे लहानसं गाव, ‘मिचेल कमर्शियल’ हे त्याचं वर्तमानपत्र. त्यात १९०७ च्या मे महिन्यात बेसबॉलच्या सामन्याची बातमी होती. गावचा नेहमीचा संघ विरुद्ध गावचे व्यापारी. बातमीदाराने लिहिलं होतं की व्यापारी टिकतील तेवढा वेळ खेळ होईल, पण पूर्ण नऊ यार्डांचं आश्वासन आम्ही देऊ शकत नाही. पुढच्याच वर्षी त्याच वर्तमानपत्रात मासे पकडून आलेल्या एका गृहस्थाबद्दल: त्याच्याकडे मोठी कहाणी आहे, कोणीतरी बिचारा सापडला की तो त्याला नऊच्या नऊ यार्ड ऐकवेल.

म्हणजे आधी नऊ, १९०७. मग सहा, १९१२. मग पुन्हा नऊ, १९५६. हा क्रम तुम्ही कुठे पाहिलाय? मी आमच्याच घराच्या भिंतीवर. आजीचा फोटो नऊवारीतला. आईचा लग्नातला एक सोडला तर बाकी सगळे सहावारीतले. बस पकडायची तर नऊ वार कोण सांभाळणार? आणि आता भाची. ही पोरगी वर्षभर जीन्समध्ये असते आणि गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला डोंबिवलीत नऊवारी, नथ, गॉगल आणि बुलेट. आजीला नऊवारी शिवून मिळते हे कळलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता. शिवलेल्या नऊवारीला आत इलास्टिक असतं. मडिसारचीही तीच गत आहे, टी. नगरच्या दुकानांत तयार मडिसार मिळतो, पायजम्यासारखा चढवायचा. मामी त्याला साडी मानत नाहीत. आत्याही मानत नाही. या एका मुद्द्यावर कावेरी आणि कृष्णा यांचं पूर्ण एकमत आहे.

इतिहासाने असं सरळ आपल्या घरासारखं वागावं याची सवय नसल्यामुळे मी थोडी घाबरले. पण शब्दांच्या अभ्यासकांचं म्हणणं सोपं आहे आणि मला ते पटतं. सहा काय न् नऊ काय, आकड्याला अर्थच नव्हता. यार्ड हे कापडाचं माप. कापड दुकानात ताग्यावरून मोजून मिळतं. तेव्हा ‘अख्खे इतके यार्ड’ म्हणजे लांबलचक, संपूर्ण, एवढंच. अमुक मशीन, अमुक ट्रक असं काही नाही. केंटकी, इंडियाना या शेजारशेजारच्या राज्यांतल्या खेडवळ बोलीत ही चेष्टा फिरत होती, आणि लांबण लावणाऱ्या माणसाच्या गोष्टीलाच बहुधा हे माप लावलं जात होतं. याहून जुना असा एक विनोदी किस्साही सापडला आहे. त्याच इंडियानात, १८५५ साली छापलेला. एका न्यायाधीशाला तीन शर्ट शिवून हवे होते, तेवढं कापड आणायला सांगितलं, आणि शिवणारीने अख्ख्या नऊ यार्डांचा एकच शर्ट शिवला. माझ्या मते वाक्प्रचाराचं मूळ शोधायचंच असेल तर याच्याच आसपास कुठेतरी आहे. त्या शर्टासाठी साडी, किल्ट, डोलकाठी, काही लागत नाही. एक माणूस आणि एक गैरसमज पुरे.

पण १८५५ हा आकडा दिसला आणि माझ्यातला फॉरवर्डकार जागा झाला. तंजावरचे शेवटचे भोसले राजे, दुसरे शिवाजी, १८५५ सालीच वारले आणि पुत्र नसल्यामुळे कंपनी सरकारने गादीच बंद केली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध शून्य. तरीही बघा, दोन्ही एका वाक्यात ठेवल्या की किती भारदस्त दिसतं! ‘ज्या वर्षी तंजावरची मराठी गादी गेली त्याच वर्षी अमेरिकेत नऊ वारांची म्हण अवतरली, हा योगायोग असू शकेल काय?’ शेवटचं प्रश्नचिन्ह महत्त्वाचं. ते टाकलं की लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते.

याहून पक्का माल हवा असेल तर तोही चेन्नईत आहे. इलिहू येल हा गृहस्थ १६८७ ते १६९२ मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर कंपनीचा गव्हर्नर होता. त्याचं लग्न किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चमध्ये १६८० साली झालं. त्या चर्चच्या वहीत नोंदलेलं ते पहिलंच लग्न. गव्हर्नर असताना त्याने स्वतःच्या खिशाकडे कंपनीच्या खजिन्यापेक्षा जास्त लक्ष दिलं, म्हणून त्याला पदावरून काढलं. पैसा मात्र मुरलेला होताच. पुढे १७१८ साली अमेरिकेतल्या कनेटिकटमधल्या एका धडपडत्या कॉलेजाला त्याने ४१७ पुस्तकं, पहिल्या जॉर्ज राजाचं चित्र आणि मालाच्या गासड्या पाठवल्या. त्या गासड्या विकून साधारण ५६२ पौंड आले आणि कॉलेजाने कृतज्ञतेने त्याचं नाव घेतलं. तेच आजचं येल विद्यापीठ.

आता गासड्या किती होत्या ते विचारा. नऊ.

कापड होतं त्यांत. गव्हर्नर मद्रासचा. गासड्या नऊ. आणि नऊ यार्डांचं मूळ ज्याने शोधलं तो ग्रंथपाल येलचा! मला सांगा, हा फॉरवर्ड सकाळी सहाला सोडला तर दुपारच्या जेवणापर्यंत न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळात पोचणार की नाही? यातली प्रत्येक वस्तुस्थिती खरी आहे. खोटा आहे तो फक्त त्यांच्यामधला ‘म्हणून’. बहुतेक व्युत्पत्त्या अशाच बनतात. विटा खऱ्या असतात, चुना थापीव असतो.

आणि मराठी माणसाने तमिळ मामींना हसण्याचं कारण नाही, कारण चेन्नईत उतरलेला मराठी माणूस पहिल्या इडलीबरोबर सांबाराची कहाणी सांगतो. तंजावरचे शहाजीराजे आमटी करायला गेले, आमसुलं संपली होती, चिंच टाकली, पाहुणे म्हणून आलेल्या संभाजीराजांना आवडली, म्हणून तिचं नाव सांबार. कहाणी चविष्ट आहे. समकालीन कागद मात्र कोणी दाखवत नाही. समोरचा तमिळ माणूस ती शांतपणे ऐकून घेतो, कारण त्याने ती आधीच्या प्रत्येक मराठी सहकाऱ्याकडून ऐकलेली असते, आणि मग आणखी एक वाटी सांबार मागतो. वाद घालायला त्याला वेळ नसतो. इडली गार होते.

गंमत म्हणजे जे खरोखर आपलं इकडे आलं त्याचे फॉरवर्ड कोणीच करत नाही. पश्चिम मांबलममध्ये तुपात भाजलेली ‘बोळी’ घ्यायला रांग लागते, ती आपली पोळी. मार्गळीच्या महिन्यात मैलापूरच्या सभांत कर्नाटक संगीताची मैफल संपत आली की अभंग येतो आणि पुढच्या रांगेतले आजोबा मान डोलवत विठ्ठल विठ्ठल म्हणतात. अरुणा साईराम अभंग गाणार असतील तर कँटीनमधली कॉफी टाकून लोक आत पळतात. हरिकथा इथे फुलली ती मराठी कीर्तनाच्या वळणावर. बृहदीश्वराच्या देवळात सरफोजींच्या काळी, १८०३ साली, भोसल्यांच्या घराण्याचा सगळा इतिहास मराठीत भिंतीवर कोरून ठेवलाय, इतका लांब की वाचणाऱ्याची मान आधी थकते. नऊ यार्डांची म्हण कशाला लावायचीच असेल तर त्या शिलालेखाला लावा. पण शिलालेख वाचायला तंजावरला जावं लागतं, मान वर करावी लागते. फॉरवर्डला अंगठा पुरतो.

नऊच का, हा प्रश्न मात्र मला खरा वाटतो. इंग्रजीला नऊचं काहीतरी आहेच. नटून निघालेला माणूस तिथे ‘नाइन्स’पर्यंत नटतो, वेळेवर घातलेला एक टाका नऊ टाके वाचवतो, मांजरीला नऊ जन्म. आपल्याकडे तर विचारूच नका. नवग्रह, नवरस, नवरत्नं, नवविधा भक्ती, नव्याचे नऊ दिवस. आणि नाकी नऊ! नाकाशी नऊ काय करतात हे कोणी विचारलं की शरीराची नऊ द्वारं, त्यांतला जीव नाकाशी गोळा होतो, असं सांगतात. पटलं तर बरं. मला ते सारांच्या गोळ्यांच्या पट्ट्याइतकंच पटतं. आकड्यांच्या म्हणींमध्ये पुराव्यानिशी उभी असलेली एकच मला ठाऊक आहे: छत्तीसचा आकडा. ३६ लिहून बघा, तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेत. हीच म्हण इंग्रजीत नेली की कोसळते, कारण त्यांचे तीन आणि सहा पाठ फिरवत नाहीत, उलट एकमेकांसमोर पोट पुढे काढून उभे राहतात.

यार्डाचं नशीबही विचित्र. ज्या १९५६ साली केंटकीच्या मासिकात नऊ यार्ड छापले गेले त्याच साली आपल्या संसदेने वजनमापांचा कायदा केला आणि वार, शेर, मण यांना निरोप द्यायला सुरुवात झाली. (मघाशीच असल्या योगायोगांची थट्टा केली, आणि हा पुन्हा आलाच. सवय वाईट.) पुढच्या काही वर्षांत कापडाच्या दुकानात मीटर आला, शाळेत मीटर आला, पण लुगड्याने ऐकलं नाही. नऊ वार म्हणजे सुमारे आठ मीटर तेवीस सेंटिमीटर. ‘सव्वाआठमीटरी’ नेसलेली बाई कोणी पाहिली आहे का? टी. नगरला पानगल पार्कच्या आसपास, जिथे १९२८ सालापासून नल्लींचं दुकान आहे आणि दिवाळीच्या आधी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते, तिथे कांचीपुरमच्या रेशमाची पावती मीटरमध्ये होत असेल, बोलणं मात्र गजातच होतं. अमेरिका आजही यार्डातच मोजते. म्हणजे या पृथ्वीवर यार्ड टिकवून धरणाऱ्या दोन मोठ्या शक्ती उरल्या: अमेरिकेचं सरकार आणि आमच्या मामी-आत्या. पहिल्या शक्तीचं मन कधीतरी बदलेल.

तेव्हा निकाल असा. म्हण इंडियाना-केंटकीकडची, लुगडं आपलं आणि मामींचं, आणि दोघांची कुठेही गाठ पडल्याचा कागद नाही. ‘आपल्या नऊवारीवरूनच इंग्रजी म्हण आली, प्रत्येक मराठी माणसाने अभिमानाने पुढे पाठवा’ असा निरोप तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर येईल तेव्हा पाठवणाऱ्या काकांना ‘मिचेल कमर्शियल, मे १९०७’ एवढं लिहून पाठवा. काका दोन दिवस बोलणार नाहीत, पण तेवढीच शांतता. आणि चेन्नईला याल तेव्हा नऊवारी जरूर घ्या. फक्त पैसे देण्याआधी एक विचारून ठेवा: ब्लाउजपीस नवांत धरलाय की वेगळा आहे? नवांत धरला असेल तर नेसायला जेमतेम आठ वार उरतात, आणि कराडच्या आत्यांना ते पहिल्याच निरीला कळतं.